मलबार टेकडी ऊर्फ वाळकेश्वराचा डोंगर : नांवाचा आणि पाण्याचा विचार

(१)

मुंबई बेटाच्या नैर्ऋत्येस समुद्रांत शिरलेली जी डोंगराची धार आहे, तिला मराठींत वाळकेश्वराचा डोंगर म्हणण्याचा प्रघात असून इंग्रजी अमदानीपासून मलबार हिल हें नांव रूढ झालें आहे. सुमारें ५० मीटर उंचीची ही टेकडी दक्षिण मुंबईंतील सर्वांत उंच भूमि होय. तिच्या माथ्यावर फिरोजशहा मेहता उद्यान, ज्यास लोक हँगिंग गार्डन म्हणतात तें, व त्याच्या समोर १९५२ सालीं झालेलें कमला नेहरू उद्यान, अशीं दोन उद्यानें आहेत. सुट्टीच्या दिवशीं तेथें मुलाबाळांची गर्दी लोटते. तिच्यापैकीं बहुतेकांस म्हातारीचा बूट ठाऊक असतो. परंतु पहिल्या उद्यानाची हिरवळ ही शहरास पाणी पुरविणार्‍या एका मोठ्या जलाशयाचें छत आहे, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत असते.

या टेकडीचा वृत्तान्त आजवर बहुधा तेथील बंगले आणि बंगलेवाले यांच्या अनुषंगानें लिहिला गेला आहे. प्रस्तुत लेखांत तो तेथील पाण्याच्या अनुषंगानें लिहावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या स्थानाची प्राचीन पूज्यता, त्याचें परकी नांव आणि त्याच्या माथ्यावरील अर्वाचीन उद्यान या तिन्ही गोष्टींच्या मुळाशीं गोडें पाणी आहे. मलबार हें नांव चांच्यांवरून पडलें अशी जी समजूत सर्वत्र सांगितली जाते, तिच्यापेक्षां पाणी भरावयास येणार्‍या दर्यावर्दी लोकांवरून तें पडलें, हें मत उपलब्ध पुराव्यास अधिक धरून आहे. तें कसें, याचा क्रमशः विचार करूं.

(२)

प्रथम खडकाचा विचार केला पाहिजे; कारण पाणी खडकाच्या आज्ञेंत वागतें. मुंबईचें मूळ बेट म्हणजे दोन समांतर डोंगररांगा व त्यांमधील सखल भूमि अशी रचना होती. पूर्वेची रांग शिवडीपासून डोंगरीपर्यंत. पश्चिमेची वरळीपासून या टेकडीच्या दक्षिण टोंकापर्यंत, म्हणजे मलबार पॉइंटापर्यंत. दोन्ही रांगा दख्खनच्या ज्वालामुखीय लाव्ह्याच्या, म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या पाषाणाच्या आहेत. येथील थर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूस, कललेले आहेत.

पश्चिमेच्या रांगेचें वैशिष्ट्य असें कीं, वरच्या कठीण पाषाणाच्या खालीं गाळाचे मऊ थर आहेत. लाव्ह्याचा एक लोट येऊन थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्यें जो दीर्घ काळ गेला, त्यांत येथें गोड्या पाण्याचीं तळीं होतीं, व त्या तळ्यांचा गाळ पुढील लोटाखालीं गाडला गेला. डॉ. हेन्री जॉन कार्टर यांनीं मुंबई बेटाच्या भूगर्भासंबंधीं १८५२ सालीं लिहिलेल्या निबंधांत या थरांचें वर्णन केलें आहे. वरळीच्या बाजूस या थरांत बारीक बेडकांचे सांगाडे सांपडले. त्यांचें शास्त्रीय वर्णन रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच थरांतील एका कांसवाचें वर्णन कार्टर यांनीं केलें आहे. बेडूक आणि कांसव हे गोड्या पाण्याचे साक्षीदार होत. आमच्या पुराणांत या डोंगरावरील पाण्याची कथा त्रेतायुगापर्यंत नेली आहे. खडकांत कोरलेला लेख तिला त्याहूनहि मागें नेतो.

या रचनेचा परिणाम असा कीं, माथ्यावर पडलेला पाऊस वरच्या पाषाणाच्या भेगांतून खालीं मुरतो, चिकण गाळाच्या थरावर अडतो आणि उतारावर झर्‍याच्या रूपानें बाहेर येतो. समुद्रापासून थोड्याच पावलांवर असलेल्या बाणगंगेचें पाणी गोड कां, या प्रश्नाचें उत्तर या रचनेशीं सुसंगत असेंच दिलें पाहिजे. भोंवतीं खारें पाणी, सखल भागांत भरतीचा शिरकाव, आणि एवढ्या एका उतारावर बारमाही गोडें पाणी, ही स्थिति जुन्या काळच्या मनुष्यास चमत्कार वाटली असल्यास नवल नाहीं. जेथें असा चमत्कार, तेथें तीर्थ. आणि जेथें तीर्थ, तेथें देव, हा आपल्याकडील क्रम सर्वविदित आहे.

(३)

देवाचें नांव वालुकेश्वर. वालुका म्हणजे वाळू. तिचा ईश्वर तो वालुकेश्वर. संस्कृतांतील स्वरमध्यस्थ लकाराचा मराठींत ळकार होतो, त्या नियमानें वाळुकेश्वर. व मधला उकार बोलण्यांत लोपून वाळकेश्वर. नांवांत कांहीं दुर्बोध नाहीं. दुर्बोध आहे तें नांव व स्थान यांचें नातें. काळ्या कातळाच्या डोंगरावर वाळूचा देव कसा आला?

माहात्म्यकथा याचें उत्तर देते. सीतेच्या शोधार्थ दक्षिणेस जात असतां श्रीरामचंद्र येथें थांबले. लक्ष्मण त्यांच्या पूजेसाठीं नित्य काशीहून शिवलिंग आणीत असे. एके दिवशीं त्यास विलंब झाला, तेव्हां रामानें वाळूचेंच लिंग करून पूजा केली. पुढें तहान लागली असतां त्यानें भूमींत बाण मारला व पाताळांतील गंगा वर आली, तीच बाणगंगा. लक्ष्मणानें आणिलेलें लिंग देवळांत स्थापन झालें. आणि वाळूचें मूळ लिंग, परकी म्लेंच्छ किनार्‍यावर उतरलेले पाहून, समुद्रांत उडी घेऊन अदृश्य झालें.

ही कथा एकाच काळची नाहीं, हें तिच्या अंगावरूनच दिसतें. स्कंदपुराणाच्या व विशेषतः सह्याद्रिखंडाच्या नांवावर क्षेत्रमाहात्म्यें जोडण्याची रीति आपल्याकडे दीर्घ काळ चालू होती. १८७७ सालीं डॉ. गर्सन द कुन्हा यांनीं सह्याद्रिखंड छापलें, तेव्हांपासून त्यांतील निरनिराळ्या थरांची चर्चा अभ्यासकांत होत आली आहे. प्रस्तुत कथेंत लिंगाच्या उडीचा भाग पोर्तुगीझांच्या आगमनानंतरचा असला पाहिजे. १५३४ च्या वसईच्या तहानें मुंबई पोर्तुगीझांकडे गेली व त्यांच्या अमदानींत येथील देऊळ मोडलें गेलें. देऊळ नाहीं, मूर्ति नाहीं, आणि तीर्थ तर चालू आहे, अशा स्थितींत भाविकांनीं आपल्या दुःखास दिलेलें हें कथारूप आहे. इतिहासाच्या दृष्टीनें त्याची किंमत कमी नाहीं. भग्न देवालयाची आठवण लोकांनीं कशी बाळगली याचा तो लेखच होय.

कथेचा जुना भाग मात्र रामेश्वराच्या कथेशीं जुळता आहे. तेथें हनुमंतास लिंग आणण्यास विलंब होतो व सीता वाळूचें लिंग करिते. येथें लक्ष्मणास विलंब होतो व राम करितो. ज्या दर्यावर्दी लोकांची ये-जा दक्षिण किनार्‍यापासून कोंकणापर्यंत होती, त्यांच्या कानांस ही कथा ओळखीची वाटली असेल, एवढें अनुमान करण्यास हरकत नाहीं. टेकडीच्या पायथ्याशीं गिरगांव चौपाटीची वाळू पसरलेली आहे. कातळावरील देवास वाळूचें नांव मिळण्यास तीहि पुरेशी आहे.

मूळ देऊळ उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या काळचें मानलें जातें. बाणगंगेचें बांधीव तळें इ. स. ११२७, म्हणजे शके १०४९, च्या सुमारास लक्ष्मण प्रभु नामक शिलाहारांच्या एका अमात्यानें बांधिलें, अशी परंपरा आहे. तो काळ पहिल्या अपरादित्याचा. याच राजानें तेजःकंठ नांवाच्या पंडितास शूर्पारकाहून काश्मीरास धाडलें होतें, हें मंखाच्या श्रीकंठचरितावरून संस्कृतज्ञांस ठाऊक आहे. ज्या राजवटीचा एक पंडित काश्मीरच्या विद्वत्सभेंत बसतो, तिनें आपल्या किनार्‍यावरील एका गोड्या झर्‍यास पाषाणाच्या पायर्‍या बांधाव्या, हें सुसंगतच आहे. पुढें महिकावतीच्या बखरींत, जी वि. का. राजवाडे यांनीं १९२४ सालीं छापली, हें स्थलनाम आढळतें. यावरून देशी नांव अविच्छिन्न चालत आलें होतें असें दिसतें.

(४)

आतां मलबार या नांवाकडे वळूं. हा शब्द मुळांत केरळच्या किनार्‍याचा. दक्षिणेकडील भाषांत मल म्हणजे डोंगर. सहाव्या शतकांतील कॉस्मस या ग्रीक लेखकाच्या ग्रंथांत त्या किनार्‍यास माले म्हटलें आहे. मलबार असें रूप अल्-बीरूनीपासून दिसूं लागतें. अर्थात् मलबार हिल या जोडशब्दांत डोंगर दोनदां आला आहे.

केरळच्या किनार्‍याचें नांव मुंबईच्या टेकडीस कां, याचें प्रचलित उत्तर असें कीं, मलबारी चांचे येथें दबा धरून बसत व माथ्यावरून जहाजांवर नजर ठेवीत. ही समजूत मार्गदर्शक पुस्तकांतून एकाकडून दुसर्‍याकडे गेली आहे. त्या काळच्या यूरोपीय लिखाणांत मलबारी म्हटलें कीं चांचेगिरी पुढें येते, हें खरें. आणि त्यामुळेंच ही समजूत सहज पटते. परंतु सहज पटणें हा पुरावा नव्हे.

पुरावा म्हणून जें प्रत्यक्ष पाहणार्‍याचें वर्णन आहे, तें कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याचें. तो १६७३ सालीं मुंबईस आला. त्याचें प्रवासवृत्त १६९८ सालीं लंडनांत छापलें गेलें. इंग्रजांस मुंबई मिळून तेव्हां उणींपुरीं आठ वर्षें झालीं होतीं. फ्रायरनें या टेकडीचें जें वर्णन केलें आहे त्याचा सारांश असा: हा खडकाळ आणि झाडीचा डोंगर आहे, तरी त्यावर लांब गवत उगवतें, अगदीं माथ्यावर नुकतेंच उभारलेलें पारशांचें मृतस्थान आहे, समुद्राकडील उतारावर एका प्रचंड देवळाचे अवशेष आहेत, त्यांच्याजवळ गोड्या पाण्याचें तळें आहे, आणि मलबारी लोक मुख्यतः त्यासाठींच तेथें येत.

या एका वाक्यांत चार गोष्टी आहेत. पहिली, मलबार हिल हें नांव १६७३ च्या आधींच रूढ झालेलें होतें. दुसरी, देऊळ तेव्हां भग्न होतें, पण तळें जिवंत होतें. तिसरी, ‘ज्यासाठीं’ या सर्वनामाचा अन्वय लावतां तो निकटच्या तळें या शब्दाशींच लागतो. देवळाशीं लावण्यास वाक्य ओढावें लागतें. चौथी, आणि प्रस्तुत वादांत निर्णायक, ती ही कीं, नांवाचा व मलबारी लोकांचा संबंध जोडतांना फ्रायर येथें लुटारूपणाचें अक्षरहि काढीत नाहीं. तो पाण्याचें कारण देतो.

यावर कोणी म्हणेल कीं, पाणी भरणारे ते लोकच चांचे असतील. असतीलहि. चांच्यासहि तहान लागते, आणि शिडाच्या गलबतास तर गोडें पाणी मिळालें नाहीं तर पुढील मजल मारतां येत नाहीं. परंतु मग नांवाचें कारण चांचेगिरी न राहतां पाणीच राहतें. कोणी दर्शनास येत असतील, कोणी व्यापारास, कोणी लुटीस. सर्वांस ज्या एका गोष्टीसाठीं गलबत थांबवावें लागे, ती गोष्ट बाणगंगेंत होती. यास्तव मलबार टेकडी म्हणजे मलबारी खलाशांच्या पाणवठ्याची टेकडी, असा अर्थ करणें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें.

जमिनीवरून येणार्‍या यात्रेकरूंची वाट निराळी होती. चौपाटीच्या बाजूनें डोंगर चढणारी जी सीरी रोड नांवाची वाट आहे, तिचें नांव शिडी या शब्दाचा अपभ्रंश असल्याचें शेपर्ड यांनीं १९१७ सालच्या आपल्या मुंबईच्या स्थलनामांवरील ग्रंथांत नमूद केलें आहे. पायर्‍यांची ती शिडी चढून लोक वाळकेश्वरास जात. एका बाजूनें खलाशी, दुसरीकडून यात्रेकरू, आणि दोघांचा शेवट एकाच तळ्याच्या पायरीवर, असें हें स्थान होतें.

(५)

देऊळ पुन्हा उभें राहिलें तें १७१५ सालीं. तें काम मुंबईचे गौड सारस्वत व्यापारी रामा कामती यांनीं केलें. कंपनीच्या शिपायांवरहि त्यांचा अधिकार होता. १७१८ च्या नाताळांत मुंबईचें सेंट टॉमसचें देवालय उघडलें, त्या समारंभास ते आपल्या ज्ञातिबांधवांसह उपस्थित होते. यानंतर थोड्याच काळांत त्यांचें दैव फिरलें. गव्हर्नर बून याच्या कान्होजी आंग्र्यांवरील मोहिमा फसल्या होत्या. रामा कामती यांनीं आंग्र्यांशीं गुप्त पत्रव्यवहार केला, असा आरोप ठेवून १७२० सालीं त्यांच्यावर खटला चालविला गेला. ते दोषी ठरले. मालमत्ता जप्त झाली व ते बंदींत पडले. ज्या पत्रांवर हा निकाल आधारला होता, तीं बनावट होतीं, असें पुढील अभ्यासकांचें बहुमत आहे.

हस्तलिखितें जमविणार्‍या आपल्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. कागद जुना आहे, त्यावर शिक्का आहे, नांव ओळखीचें आहे. एवढ्यानें तो खरा ठरत नाहीं. कागद कोणाच्या हातून कोणाच्या हातीं आला आणि तो पुढें येण्यांत कोणाचें हित होतें, हे प्रश्न अक्षराच्या वळणाइतकेच महत्त्वाचे आहेत. एका खोट्या कागदानें एक कर्ता पुरुष धुळीस मिळाला. त्यानें बांधिलेलें देऊळ मात्र त्याची साक्ष देत राहिलें.

टेकडीच्या दक्षिण टोंकाच्या खडकांत श्रीगुंडी नांवाची एक फट होती. तींतून पार झाल्यास मनुष्य पापमुक्त होतो अशी श्रद्धा होती. एडवर्ड मूर यानें १८१० सालीं छापलेल्या आपल्या हिंदु दैवतांवरील ग्रंथांत तिचा उल्लेख करून, मुंबईंत आश्रयास असतां रघुनाथराव पेशवे तेथें राहात व त्या फटींतून जात, असें लिहिलें आहे. शिवाजी महाराज आणि कान्होजी आंग्रे यांच्याविषयींहि तशीच आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. रघुनाथरावांची गोष्ट मात्र काळाच्या दृष्टीनें मूरच्या जवळची आहे. नारायणराव पेशव्यांच्या वधाचा डाग ज्याच्या नांवास लागला, त्या पुरुषानें पापमुक्तीची ही अरुंद वाट शोधावी, यावर अधिक भाष्य नको. तें टोंक आतां राजभवनाच्या आवारांत आहे; परळचें निवासस्थान सोडून मुंबईचे गव्हर्नर १८८५ सालीं तेथें कायमचे राहावयास आले.

(६)

आतां माथ्यावरील उद्यानाकडे येऊं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी व तळीं यांवर जगत होती. १८५४ च्या अवर्षणानें ही व्यवस्था किती अपुरी आहे हें उघड केलें. १८५६ त विहारच्या धरणाचें काम सुरू होऊन १८६० त तें पुरें झालें. १८७९ त तुळशी आणि १८९२ त तानसा. दुरून नळानें आलेलें पाणी सांठवून शहरास वाटावयाचें, तर उंच जागा पाहिजे. कारण उंचीवरून पाणी आपल्याच वजनानें खालीं वाहतें. ती जागा या टेकडीनें दिली. पूर्वीं माणसें पाण्यासाठीं डोंगर चढत. आतां पाणीच डोंगरावर चढवून माणसांकडे सोडलें जाऊं लागलें.

येथें कालनिर्णयाचा एक लहानसा प्रश्न आहे. प्रचलित माहितीपुस्तकांत उद्यानाचें वर्ष १८८१ दिलेलें असतें. जलाशयाचें वर्ष मात्र १८८७ म्हणून सांगितलें जातें. छताच्या आधीं छतावरची बाग होत नाहीं, एवढा साधा विचार केला तरी हीं दोन वर्षें आज ज्या रूपांत दिलीं जातात त्या रूपांत एकत्र नांदूं शकत नाहींत. जलाशयाचें वर्ष घेऊन बाग त्यानंतरची मानणें, हेंच तर्कास धरून आहे. तशीच दुसरी एक गोष्ट. शेजारच्या डुंगरवाडींतील गिधाडांमुळें पाणी दूषित होऊं नये म्हणून जलाशय झांकला, असें सांगतात. पिण्याचें सांठविलेलें पाणी ऊन, धूळ व शेवाळ यांपासून वांचविण्यासाठीं झांकणें हा स्वतंत्र नियमच आहे. त्यास गिधाडांची जरूर नाहीं. गोष्ट सांगावयास हरकत नाहीं, परंतु ती कारण म्हणून लिहूं नये.

उद्यानास पुढें सर फिरोजशहा मेहता यांचें नांव देण्यांत आलें. १९१५ सालीं दिवंगत झालेल्या या पुरुषाचा मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्याच्या घडणींत मोठा वांटा होता. ज्या संस्थेनें नळाचें पाणी घरोघर नेलें, तिच्या शिल्पकाराचें नांव पाण्याच्या छतास मिळालें, हें उचित झालें. जलाशयाची धारणा सुमारें १४.७ कोटी लिटर आहे. छतावर मातीचा थर बेताचाच. म्हणून खोल मुळांच्या वृक्षांऐवजीं तेथें कातरून प्राण्यांचे आकार दिलेलीं झुडपें, फुलांचे ताटवे व हिरवळ आहे. उद्यानाच्या शोभेचें जें वैशिष्ट्य म्हणून दाखविलें जातें, तें मुळांत खालच्या पाण्यानें घातलेलें बंधन आहे.

(७)

खरी झाडी आहे ती उतारावर. फ्रायरनें पाहिलेल्या रानाचे वंशज म्हणावेत असे दोन पट्टे अद्याप टिकून आहेत: एक राजभवनाच्या आवारांतील, दुसरा पारशांच्या डुंगरवाडीचा. फ्रायरला नुकतेंच बांधिलेलें दिसलें तें पहिलें दखमें. त्या स्थानाच्या पावित्र्यामुळें भोंवतालची सुमारें ५४ एकर जमीन बांधकामापासून वांचली. वड, पिंपळ, आंबा, जांभूळ, ताड यांची ही दाटी मुंबईसारख्या शहरांत अपूर्वच. मोर, घारी, कोकीळ, तांबट आणि बुलबुल तेथें नांदतात. गिधाडें मात्र गेलीं. गुरांस देण्यांत येणार्‍या डायक्लोफेनॅक या औषधानें तीं मरतात, हें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें व २००६ सालीं भारतांत त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. परंतु तोंपर्यंत देशभरांतील बहुतेक गिधाडें नष्ट झालीं होतीं.

या झाडीचें काम केवळ सावली देण्याचें नाहीं. तीव्र उतारावरील मातीस मुळें धरून ठेवतात, आणि पाऊस वाहून न जातां मुरतो. २०२० च्या ऑगस्टांत एका दिवसांत कुलाब्यास ३३१.८ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळीं या टेकडीचा एक भाग खचला आणि माथ्यावरील रस्ता, जो पूर्वीं रिज रोड व आतां बी. जी. खेर मार्ग म्हणून ओळखला जातो, त्याची मोठी हानि झाली. कातळावरची माती किती पातळ आहे व ती कशाच्या आधारानें उभी आहे, हें त्या रात्रीं मुंबईस कळलें.

(८)

इतक्या पूर्वपीठिकेनंतर अलीकडील प्रसंगाचें मर्म ध्यानांत येईल. जुना जलाशय जीर्ण झाला, सबब तो पाडून १९.१ कोटी लिटर धारणेचा नवा बांधावा, अशी सुमारें ६९८ कोटी रुपयांची योजना महानगरपालिकेनें आंखली. २०२३ सालीं तिचा तपशील बाहेर आला, तेव्हां ३८९ झाडें तोडावीं किंवा हलवावीं लागणार व उद्यान दीर्घ काळ बंद राहणार, हें कळून रहिवाशांनीं हरकत घेतली. तज्ज्ञांची समिति नेमली गेली. जलाशयाचे कप्पे आंतून पाहण्यांत आले. पाडण्याची आवश्यकता नाहीं, दुरुस्ती पुरे, असा अभिप्राय पडून २०२४ सालीं नव्या बांधकामाची योजना सोडण्यांत आली. सव्वाशे वर्षांहून जुनें काम आंतून पाहिल्यावर टिकाऊ ठरलें. पाहण्यापूर्वीं मात्र तें मोडावयाचें ठरलें होतें! भग्न देऊळ, खोटा कागद आणि न पाहिलेला जलाशय या तिन्ही प्रकरणांचा धडा एकच आहे: निवाड्याच्या आधीं वस्तु पाहावी.

त्याच वर्षीं जूनमध्यें बाणगंगेचा गाळ काढतांना ठेकेदारानें तळ्यांत यंत्र उतरविलें व पायर्‍यांचे दगड निखळले. संरक्षित स्मारकाची ही गत व्हावी हें लाजिरवाणें आहे. दगड पुन्हा बसवितां येतात. परंतु ते कोणत्या क्रमानें बसविलेले होते याची नोंद आधीं असेल तरच ते जागेवर बसतात. याउलट एक गोष्ट समाधानाची. २०२५ सालच्या मार्चअखेर कमला नेहरू उद्यानाजवळून सीरी रोडच्या बाजूच्या झाडींतून ४८५ मीटर लांबीचा एक उंच निसर्गपथ लोकांस खुला झाला. झाडांस धक्का न लावतां त्यांच्या उंचीवरून चालण्याची ती सोय आहे. जेथें यात्रेकरूंची शिडी होती, तेथेंच तिचा हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाहीं.

आमची अभ्यासकांस विनंति एवढीच. वाळकेश्वरास गौड सारस्वतांचे मठ आहेत. कोंकणांतील व गोमंतकांतील घराण्यांचा त्यांच्याशीं पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे. यात्रेचे खर्च, तळ्याच्या दुरुस्तीच्या यादी, दानपत्रें, गलबतांच्या तांडेलांच्या वह्या, जलाशयाचे जुने आराखडे असे कागद ज्यांच्या संग्रहांत असतील, त्यांनीं ते पाण्याच्या दृष्टीनें एकवार चाळावे. तळ्यावर पाणी भरण्यास येणार्‍या दक्षिणेच्या एखाद्या गलबताची एक ओळ जरी अशा वहींत मिळाली, तरी टेकडीच्या नांवाचा वाद केवळ एका इंग्रज वैद्याच्या साक्षीवर अवलंबून राहणार नाहीं. तोंपर्यंत ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें त्याचा शब्द मानावा, आणि चांच्यांस त्यांच्या वांट्याहून अधिक कीर्ति देऊं नये.